बरे वाटले ते कशाने? विजेच्या आणि कंपनांच्या जुन्या उपचारांचा आढावा

1757 च्या डिसेंबरात बेंजामिन फ्रँकलिनने लंडनहून जॉन प्रिंगल या डॉक्टरला एक पत्र लिहिले. विजेवरच्या प्रयोगांमुळे फ्रँकलिनचे नाव तोवर अटलांटिकच्या दोन्ही काठांवर पोचले होते, आणि पेनसिल्व्हेनियात लकवा झालेल्या माणसांना घेऊन नातेवाईक त्याच्या दारी येऊ लागले होते. मोठ्या काचेच्या बरण्यांत साठवलेल्या विजेचा झटका तो त्यांच्या लुळ्या हातापायांना दिवसातून तीनदा देई. लगेच त्या अवयवात ऊब जाणवे. पहिल्या दिवशी ज्याला मांडीवरचा हात उचलता येत नव्हता, तो दुसऱ्या दिवशी चार-पाच इंच उचले. पाचव्या दिवशी तोच माणूस कशीबशी का होईना, डोक्यावरची टोपी काढू शके. घरच्यांचे डोळे भरून यावेत असाच हा प्रसंग. पण त्यानंतर सुधारणा थांबे, रुग्णाचा धीर सुटे, तो घरी परते आणि थोड्याच दिवसांत होता तसा होई. लकव्यावर विजेचा टिकाऊ गुण आपण एकदाही पाहिलेला नाही, असे फ्रँकलिनने प्रिंगलला स्वच्छ कळवले. तात्पुरता जो फरक दिसला, त्यात रोज घराबाहेर पडून येण्याजाण्याच्या व्यायामाचा वाटा किती आणि बरे होण्याच्या आशेने आलेल्या उमेदीचा किती, हा प्रश्नही त्याने त्याच पत्रात विचारला.

विद्युतोपचारांचा आणि त्यांच्या जोडीने आलेल्या कंपनोपचारांचा सगळा इतिहास मला या एका प्रश्नाभोवती फिरताना दिसतो. हा इतिहास सांगण्याच्या दोन पद्धती रूढ आहेत. एकीत जुन्या काळच्या चमत्कारिक यंत्रांची चित्रे दाखवून वाचकाची करमणूक केली जाते. दुसरीत बेडकाच्या पायापासून पेसमेकरपर्यंत प्रगतीची सरळ रेघ ओढली जाते. दोन्हींत महत्त्वाची गोष्ट निसटते. या उपचारांमागे अनेकदा शहाणी, कळवळ्याची माणसे होती. रुग्णांना खरोखर बरे वाटत होते. आणि ते कशाने वाटते हे तपासायची रीतही अठराव्या शतकातच सापडली होती. तरीही ती अंगवळणी पडायला दीडशे-दोनशे वर्षे लागली.

सुरुवात यंत्राने झाली नाही, माशाने झाली. इसवी सन 47 च्या सुमारास रोममधला वैद्य स्क्रिबोनियस लार्गस याने आपल्या औषधसंग्रहात टॉर्पेडो माशाचा उपाय दिला आहे. डोके असह्य दुखत असेल तर जिवंत मासा दुखऱ्या जागी ठेवायचा. गाउटने पाय ठणकत असेल तर समुद्रकाठच्या ओल्या वाळूत माशावर पाय ठेवून उभे राहायचे, गुडघ्यापर्यंत बधिरता येईस्तोवर. हा मासा विजेचा झटका देतो हे त्या काळी कुणाला ठाऊक असणे शक्य नव्हते. ते 1770 च्या दशकात जॉन वॉल्शने फ्रान्सच्या किनाऱ्यावर प्रयोग करून दाखवले. हा वॉल्श मद्रासला ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होता आणि क्लाइव्हचा खासगी चिटणीस म्हणून त्याने काम केले होते. पण स्क्रिबोनियसचे निरीक्षण चोख होते: झटक्याने बधिरता येते आणि बधिर जागा दुखत नाही. त्यामागचे कारण पुढे कसे उलगडले ते नंतर पाहू.

वीज माणसाच्या ताब्यात आली ती 1745-46 मध्ये, लायडनच्या बरणीमुळे. काचेच्या भांड्यात वीज साठवता येते, हवी तेव्हा सोडता येते, आणि सोडली की माणसाचे स्नायू त्याच्या इच्छेविरुद्ध आकसतात. ज्याचा हात वर्षानुवर्षे हललेला नाही त्याचाही हात हलतो. लकव्याच्या रुग्णाला आणि त्याच्या डॉक्टरला हे पाहून काय वाटले असेल याची कल्पना करणे अवघड नाही. जिनिव्हाचा प्राध्यापक जाँ जालाबेर याने एका कुलूपकाराच्या लुळ्या उजव्या हातावर महिनोन्‌महिने झटक्यांचे उपचार केले आणि हात पुष्कळ सुधारल्याचे 1748 च्या ग्रंथात नोंदवले. पॅरिसमध्ये आबे नोले याने लकवा झालेल्या सैनिकांवर तेच करून पाहिले. त्याला तसा गुण मिळाला नाही.

हा नोले या कथेतला माझा आवडता माणूस आहे. त्याच सुमारास व्हेनिसच्या पिवाती याने जाहीर केले होते की काचेच्या बंद नळीत औषध भरून नळी घासली, तर विजेबरोबर औषधाचा गुणही काचेतून पार होऊन रुग्णाच्या अंगात शिरतो. बातमी युरोपभर गेली, अनेकांनी दुजोरा दिला. नोलेने आपल्याकडे प्रयोग केले, काही घडले नाही. एवढ्यावर थांबून त्याला निषेधाचे पत्रक काढता आले असते. तो 1749 मध्ये स्वतः इटलीला गेला, दावे करणाऱ्यांना एकेक करून भेटला आणि म्हणाला, माझ्यासमोर करून दाखवा. कुणालाच ते करून दाखवता आले नाही. रुग्णांना बरे वाटल्याच्या हकिकती मात्र तोवर छापून झाल्या होत्या आणि त्या पुढेही वाचल्या जात राहिल्या.

इंग्लंडमध्ये या उपचाराला गरिबांपर्यंत नेले ते धर्मोपदेशक जॉन वेस्ली याने. डॉक्टरांची फी न परवडणाऱ्या माणसांचे दुःख त्याला रोज दिसत होते. 1756 मध्ये त्याने विद्युतयंत्र मिळवले, लंडनमध्ये ठरलेल्या वारी लोकांना मोफत झटके द्यायला सुरुवात केली, आणि 1760 मध्ये सामान्य वाचकाला कळेल असे पुस्तक लिहिले. जोरदार झटक्यांपेक्षा सौम्य झटके वारंवार द्यावेत, हा त्याचा आग्रह. वेस्लीच्या यादीत इतके आजार आहेत की आज ती यादी पटणे कठीण. पण त्या काळची पर्यायी औषधे आठवा: रक्त काढणे, पाऱ्याची पुटे, जुलाबावर जुलाब. त्यांच्या शेजारी वेस्लीचा सौम्य झटका निदान अपाय तरी कमी करत होता. काही न करणाऱ्या उपचाराने रुग्ण बरा होताना दिसे, याचे एक कारण हेही होते की त्याच वेळी घातक उपचार थांबलेले असत. 1767 मध्ये लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयाने विद्युतयंत्र विकत घेतले. वीस वर्षांत वीज दिवाणखान्यातून रुग्णालयात आली होती. जेम्स ग्रॅहमसारखे लोक तिला परत दिवाणखान्यात घेऊन गेले. संततीची हमी देणारा त्याचा 'स्वर्गीय पलंग' फार प्रसिद्ध आहे आणि त्याच्यावर पुरेसे लिहून झाले आहे.

त्यापेक्षा 1799 च्या जानेवारीत बाथ शहरात जे घडले त्याकडे लक्ष जायला हवे. अमेरिकेतील एलिशा पर्किन्स याने 1796 मध्ये दोन टोकदार धातूच्या सळयांचे पेटंट घेतले होते. दुखऱ्या भागावरून या सळया ओढल्या की वेदना पळते, असा दावा. बेडकाच्या पायाला धातू लागला की तो उसळतो, हे गॅल्व्हानीने 1791 मध्ये प्रसिद्ध केलेले होतेच. शरीरातली वीज आणि धातू यांचा काही गूढ संबंध आहे, ही हवा सगळीकडे होती. पर्किन्सच्या मुलाने लंडनमध्ये या सळया पाच गिनींना विकायला सुरुवात केली. जॉन हेगार्थ या डॉक्टरने लाकडाच्या सळया बनवून घेतल्या, त्या धातूसारख्या दिसतील अशा रंगवल्या, आणि बाथच्या रुग्णालयातील जुनाट संधिवाताच्या पाच रुग्णांवर तेवढ्याच गांभीर्याने वापरल्या. पाचांपैकी चौघांना आराम पडला. दुसऱ्या दिवशी खऱ्या धातूच्या सळया वापरल्या, निकाल तोच.

हेगार्थने यावर लिहिलेल्या पुस्तकाच्या नावातच त्याचा निष्कर्ष आहे: कल्पनाशक्ती हे शारीरिक विकारांचे कारण असू शकते आणि उपायही. रुग्ण खोटे बोलत होते असे तो म्हणत नाही. त्यांना आराम वाटला हे तो मान्य करतो, आणि मनाची शरीरावर एवढी सत्ता चालते याचे त्याला आश्चर्य वाटते. उपचार खरा की खोटा हे ठरवायचे तर दिसायला अगदी तसाच पण निष्क्रिय उपचार देऊन तुलना करायची, ही आजच्या औषधचाचण्यांतली मूळ रीत या पाच रुग्णांच्या प्रयोगात दिसते. पर्किन्स स्वतः फसवणारा होता असेही मला वाटत नाही. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये पीतज्वराची साथ असताना तो आपला उपाय घेऊन रुग्णांमध्ये गेला आणि त्याच तापाने मेला.

हेगार्थचा धडा कुणी गिरवला नाही. 1800 मध्ये व्होल्टाने विद्युतघटांची चळत जाहीर केली आणि अखंड वाहणारा प्रवाह हाती आला. गॅल्व्हानीचा भाचा अल्दिनी याने एका उदासीन तरुण शेतकऱ्याच्या डोक्याला प्रवाह लावून त्याला माणसांत आणल्याचे लिहिले. 1831 मध्ये फॅरेडेने प्रवर्तनाचा शोध लावला आणि हाताने फिरवायच्या पेटीतून हवे तितके झटके मिळू लागले. 1836 पासून लंडनच्या गाइज रुग्णालयात विद्युतोपचाराची वेगळी खोली होती. साधने सुधारत गेली. ज्याने विजेच्या उपयोगाला खरे शिस्तीचे रूप दिले तो माणूस मात्र कुठल्याच रुग्णालयाच्या नोकरीत नव्हता.

गियोम ड्युशेन बुलोन गावचा. 1842 मध्ये तो पॅरिसला आला आणि आपली प्रवर्तनाची पेटी काखोटीला मारून रुग्णालयांच्या वॉर्डांतून हिंडू लागला. कुठे हुद्दा नाही, शिष्य नाहीत. सुरुवातीला बड्या डॉक्टरांनी त्याची टर उडवली. त्याची युक्ती साधी होती: विद्युताग्रे ओली करून त्वचेवर नेमक्या जागी टेकवली तर संपूर्ण अवयवाला हिसका न बसता एकच स्नायू आकसतो. त्यामुळे त्याला पहिल्यांदा विचारता आले की नेमका कोणता स्नायू चालत नाही, मज्जातंतू तुटला आहे की स्नायूच झडतो आहे. लहान मुलांतील ज्या स्नायुक्षयाला आज त्याचे नाव आहे, तो त्याने याच चिकाटीने वेगळा ओळखला. चेहऱ्यावरचा एकेक स्नायू विजेने हलवून हसू, भीती, वेदना कुठून उमटतात याची छायाचित्रे त्याने 1862 च्या ग्रंथात छापली. डार्विनने दहा वर्षांनी आपल्या पुस्तकासाठी त्यांतलीच काही घेतली. ड्युशेनने विजेने किती रुग्ण बरे केले याबद्दल मी साशंक आहे. पण विजेने त्याला प्रश्न नीट विचारायला शिकवले, आणि आजही स्नायू व मज्जातंतूंच्या तपासण्या त्याच वाटेवर उभ्या आहेत. निदानात वीज उपचारापेक्षा कितीतरी आधी खरी ठरली.

एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध हा विद्युतोपचारांच्या भरभराटीचा काळ. न्यूयॉर्कच्या जॉर्ज बिअर्डने 1869 मध्ये न्युरास्थेनिया नावाचा आजार मांडला: थकवा, झोप न येणे, धडधड, अपचन, कशात मन न लागणे. मज्जातंतूंतली शक्ती खर्ची पडली आहे, ती विजेने भरून काढू, असा त्यामागचा विचार. रुग्णाने तांब्याच्या पत्र्यावर अनवाणी पाय ठेवायचे आणि डॉक्टरने आपल्याच शरीरातून प्रवाह नेऊन ओल्या हाताने रुग्णाचे डोके, मान, पाठ चोळायची. डॉक्टर रुग्णाला इतका वेळ हात लावून बसतो, ही गोष्ट उपचाराइतकीच महत्त्वाची होती. पण तिचा हिशेब कुणी वेगळा मांडला नाही. युरोपात व्हिल्हेल्म एर्बचा 1882 चा ग्रंथ प्रमाण मानला जाई. कोणत्या आजाराला कुठे, किती वेळ, कोणता प्रवाह हे सगळे त्यात तपशिलाने होते. व्हिएन्नात 1886 मध्ये व्यवसाय सुरू केलेल्या सिग्मंड फ्रॉइडनेही ते पुस्तक बरहुकूम वापरले आणि त्यातल्या सूचनांना निरीक्षणाचा आधारच नाही, असे लवकरच त्याच्या ध्यानात आले. लाइपझिगचा पाउल म्युबियस उघडपणे म्हणू लागला की विद्युतोपचाराचे बहुतेक यश हे सूचनेचे, म्हणजे रुग्णाच्या मनावर झालेल्या परिणामाचे यश आहे. 1891 मध्ये फ्रँकफर्टला जमलेल्या विद्युतोपचारकांत यावरून कडाक्याचा वाद झाला. फ्रँकलिनच्या पत्राला तेव्हा 134 वर्षे झाली होती.

बाजार या वादासाठी थांबला नाही. कमरेला बांधायचे विजेचे पट्टे, गळ्यातल्या साखळ्या, बुटात घालायचे तळवे यांच्या जाहिरातींनी वर्तमानपत्रे भरत होती. पुल्व्हरमाखरची विद्युतसाखळी इतकी ठाऊक होती की फ्लोबेरने 1857 च्या 'मादाम बोव्हारी'त आपल्या औषधविक्याच्या अंगावर ती घातली. लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर कॉर्नेलियस हार्नेस असे पट्टे विकत होता. 1890 च्या दशकात पत्रकारांनी आणि विद्युत अभियंत्यांनी त्याचा पिच्छा पुरवला आणि त्याची कंपनी कोसळली. त्या दुकानाच्या पाटीवर पट्ट्यांबरोबर आणखी एक नाव होते, झँडर. तिथून आपण कंपनांकडे वळू.

शरीराला हलवून, थरथरवून बरे करण्याची कल्पना विजेपेक्षा सोपी आणि जुनी. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रान्सच्या आबे द सँ-पिएरने हादरे देणारी खुर्ची सुचवली होती. बग्गीतून रपेट केल्याने प्रकृती सुधारते हा त्या काळचा सर्वमान्य समज, मग घोडे आणि रस्ता वगळून नुसते हादरेच का देऊ नयेत, असा त्याचा तर्क. पण कंपनाला शास्त्रीय प्रतिष्ठा मिळाली ती स्वीडनमध्ये. तिथे लिंग नावाच्या व्यायामतज्ज्ञाच्या पद्धतीत हातांनी थोपटणे, थरथरवणे हे प्रकार होतेच. गुस्ताव झँडरने 1865 मध्ये स्टॉकहोममध्ये संस्था काढून तीच कामे यंत्रांवर सोपवली. पाठ थोपटणारी, पाय हादरवणारी, घोडेस्वारीचा झोका देणारी लाकडा-लोखंडाची यंत्रे वाफेवर चालत. रोज ठरलेले माप, ठरलेला जोर, आणि तो हळूहळू वाढवत नेणे, हे झँडरचे खरे देणे. आजच्या जिममधल्या यंत्रांचा तो पणजोबा आहे.

लंडनच्या जोसेफ मॉर्टिमर ग्रॅनव्हिलचे 'पर्क्युटर' यंत्र 1880 च्या दशकात आले. मज्जातंतूंना स्वतःची एक लय असते, दुखण्यात ती बिघडते, आणि बाहेरून भलत्या लयीचा ठोका दिला की वेदनेची लय मोडते, असे त्याने 1883 च्या पुस्तकात मांडले. विजेवर चालणारी छोटी हातोडी मज्जातंतूवर भराभर ठोके मारी.

या यंत्राबद्दल एक गोष्ट आज जगभर सांगितली जाते: हिस्टेरियाच्या नावाखाली डॉक्टर स्त्रियांना हाताने कामपूर्तीपर्यंत नेत असत, हात दुखू लागले म्हणून कंपनयंत्र शोधले गेले. रेचल मेन्स यांच्या 1999 च्या पुस्तकातून ही कथा पसरली. त्यावर नाटक आले, 2011 मध्ये 'हिस्टेरिया' हा चित्रपट आला. 2018 मध्ये हॅली लिबरमन आणि एरिक शॅट्सबर्ग यांनी पुस्तकातले संदर्भ एकेक करून मुळाशी जाऊन तपासले. डॉक्टर असे करत असल्याचा पुरावा त्यांत नव्हता. खुद्द ग्रॅनव्हिलने तर हिस्टेरियाच्या स्त्रियांवर आपण हे यंत्र वापरत नाही असे लिहून ठेवले आहे. ही कथा इतकी वर्षे टिकली, कारण ती ऐकायला रंजक होती आणि जुने डॉक्टर मूर्ख होते या आपल्या समजुतीला सोयीची होती. जुन्या डॉक्टरांना पुरावा मागायचा तर इतिहासकारांनाही तो मागायला हवा.

कंपनोपचारातला सर्वांत विचार करायला लावणारा प्रयोग पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातला आहे. ड्युशेनला गुरू मानणारा जाँ-मार्तँ शार्को तिथे कंपवाताचे, म्हणजे पार्किन्सन्सचे रुग्ण पाहत असे. लांबच्या आगगाडीच्या किंवा बग्गीच्या प्रवासानंतर आपल्याला बरे वाटते, असे त्यातले अनेक जण त्याला सांगत. प्रवासाने निरोगी माणूस आंबून जातो आणि या माणसांना आराम पडतो, ही विसंगती शार्कोने झटकून टाकली नाही. त्याने आगगाडीसारखे हादरे देणारी खुर्ची बनवून घेतली. रुग्णांना अर्धा-अर्धा तास बसवले. अंग हलके झाले, ताठरपणा कमी झाला, रात्री झोप लागली, असे रुग्णांनी सांगितले. 1892 मध्ये शार्कोने यावर व्याख्यान दिले. त्याचा शिष्य जिल द ला तुरेत याने त्याच धर्तीवर डोक्याला कंपने देणारे शिरस्त्राण बनवले. पुढच्याच वर्षी शार्को वारला आणि काम तिथेच थांबले. रुग्णाचे म्हणणे ऐकून त्यातून उपचार शोधण्याची ही रीत मला फार मोलाची वाटते. त्या खुर्चीची नीट परीक्षा व्हायला 120 वर्षे जावी लागली, ते शेवटी सांगतो.

कंपनयंत्रांचाही बाजार झालाच. अमेरिकेत बॅटल क्रीकच्या आरोग्यधामात जॉन हार्वी केलॉग रुग्णांना हादरणाऱ्या खुर्च्यांवर बसवत होता. हाताने दांडा फिरवून चालवायचे 'पल्सोकॉन' घेऊन मकौरा नावाचा माणूस इंग्लंडमध्ये मोठमोठे हॉल भरवत होता. संधिवात, बहिरेपणा, हृदयविकार, सगळ्यावर एकच यंत्र. पॅरिसमध्ये त्याच्यावर फसवणुकीचा खटला होऊन त्याला शिक्षा झाली.

इथवर जी फसगत झाली ती रुग्णाच्या राजीखुशीने. पहिल्या महायुद्धात विजेचा उपचार हे शिक्षेचे साधन झाले, आणि या प्रकरणाला आढाव्यातले एक वळण म्हणून उरकून टाकणे मला बरोबर वाटत नाही. खंदकांतल्या तोफांच्या माऱ्याने हजारो सैनिकांची वाचा गेली, पाय चालेनासे झाले, अंग थरथरू लागले. शरीराला जखम नाही. जर्मनीत फ्रिट्झ काउफमानने 1916 मध्ये जाहीर केलेल्या पद्धतीत लष्करी आवाजात हुकूम सोडत तीव्र प्रवाहाचे झटके दिले जात, लक्षण जाईपर्यंत, एकाच बैठकीत. काही सैनिक त्यात दगावले. लंडनच्या क्वीन स्क्वेअर रुग्णालयात लुइस यीलंडने एका मुक्या झालेल्या चोवीस वर्षांच्या सैनिकाला अंधाऱ्या खोलीत कोंडून घशाला तासन्‌तास झटके दिले. बोलल्याशिवाय इथून सुटका नाही, हे त्याला आधीच सांगितले होते. हे सारे यीलंडने 1918 च्या आपल्या पुस्तकात स्वतःच अभिमानाने लिहिले आहे. सैनिक बोलू लागला. यश म्हणून याची नोंद झाली.

व्हिएन्नात युलियस वाग्नर-याउरेगच्या रुग्णालयातील अशाच उपचारांची 1920 मध्ये चौकशी झाली. तज्ज्ञ म्हणून फ्रॉइडची साक्ष काढण्यात आली. त्याने वाग्नर-याउरेगवर क्रौर्याचा आरोप केला नाही, पण मूळ दोष नेमका सांगितला: रुग्णाला बरे करण्यापेक्षा त्याला परत आघाडीवर पाठवणे हा उपचाराचा हेतू झाला, आणि डॉक्टर रुग्णाचा न राहता सैन्याचा झाला. वाग्नर-याउरेग निर्दोष सुटला. 1927 मध्ये त्याला वेगळ्या कामासाठी नोबेल मिळाले.

मग यातून टिकले काय? जिथे विजेचे काम नेमके ठरले, ते सर्वांत भक्कम टिकले. हृदयाचे उदाहरण बघा. 1775 मध्ये डेन्मार्कच्या आबिल्डगार्ड या पशुवैद्याने कोंबडीच्या डोक्याला झटका देऊन तिला निपचित पाडले आणि छातीला झटका देऊन परत उठवले. निरीक्षण छापून आले आणि पडून राहिले. 1899 मध्ये जिनिव्हाच्या प्रेव्हो आणि बातेली यांनी कुत्र्यांवर दाखवले की सौम्य झटक्याने हृदय नुसते फडफडू लागते आणि तीव्र झटक्याने ती फडफड थांबवता येते. त्यांचेही तेच झाले. 1947 मध्ये क्लीव्हलंडचे शल्यविशारद क्लॉड बेक यांनी एका चौदा वर्षांच्या मुलाचे शस्त्रक्रियेदरम्यान फडफडू लागलेले हृदय थेट झटक्याने पूर्ववत केले. 1958 च्या ऑक्टोबरात स्टॉकहोममध्ये शरीरात बसवलेल्या पहिल्या पेसमेकरचे रुग्ण आर्ने लार्सन 2001 पर्यंत जगले. ज्यांनी ते यंत्र बनवले आणि ज्यांनी ते बसवले, त्या दोघांनंतरही ते हयात होते. इथे आशा किंवा सूचना यांना वाव नाही. फडफडणारे हृदय बेशुद्ध माणसाचे असते.

वेदनेच्या बाबतीत उत्तर 1965 मध्ये मिळू लागले. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मांडले की स्पर्श, दाब, कंपन यांचे संदेश जाड तंतूंतून आणि वेदनेचे बरेचसे संदेश बारीक तंतूंतून मेरुरज्जूत येतात, आणि तिथे जणू एक फाटक असते. जाड तंतूंतून संदेशांची गर्दी झाली की ते फाटक वेदनेला काहीसे बंद होते. सिद्धांताचा तपशील पुढे बराच बदलला, पण गाभा टिकला. ठेच लागली की आपण ती जागा चोळतो, ग्रॅनव्हिलची हातोडी मज्जातंतू ठोकत होती, आणि रोमन वैद्याचा मासा पाय बधिर करत होता, या सगळ्यांत काही अंशी एकच यंत्रणा काम करत होती. यातूनच त्वचेवर विद्युताग्रे चिकटवून वेदना कमी करणारे टेन्स यंत्र आले. फिजिओथेरपिस्टकडे पाठीला 'शेक आणि करंट' घेणाऱ्या प्रत्येकाने त्याचा किंवा त्याच्या भावंडांचा अनुभव घेतला आहे. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात 1953 मध्ये भारतातले पहिले फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले, आणि पुढे ही यंत्रे आपल्याकडे रुळली. टेन्सवरच्या 381 चाचण्यांचा एकत्रित अभ्यास 2022 मध्ये प्रसिद्ध झाला: यंत्र चालू असताना आणि त्यानंतर लगेच वेदना कमी होते, याला मध्यम प्रतीचा पुरावा आहे. त्यापलीकडचे दावे ऐकताना हे वाक्य लक्षात ठेवावे.

डोक्याला दिलेल्या झटक्यांची गोष्ट सर्वांत अवघड. 1938 च्या एप्रिलमध्ये रोमला चेर्लेती आणि बिनी यांनी विजेने आकडी आणून मनोरुग्णावर उपचार केला. सुरुवातीच्या काळात भूल नव्हती, स्नायू शिथिल करणारे औषध नव्हते. हाडे मोडत, आणि अनेक मनोरुग्णालयांत त्याचा वापर धाकासाठी झाला. हिंदी सिनेमाने 'शॉक ट्रीटमेंट'ची जी दहशत आपल्या मनात बसवली ती सगळीच खोटी नाही. पण तीव्र नैराश्यात, विशेषतः रुग्णाने खाणेपिणे सोडले असेल किंवा जीव द्यायचे त्याच्या मनात असेल तेव्हा, हा उपचार काम करतो. आणि हे भूल देऊन पण झटका न देता केलेल्या तुलनेतून तपासले गेले आहे. आपल्या 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने भूल आणि स्नायुशिथिलकाविना झटके देण्यास बंदी केली. रोमनंतर 79 वर्षांनी.

1954 च्या औषधे आणि जादूटोणा उपाय कायद्याने ज्या आजारांवरच्या उपायांच्या जाहिरातींना बंदी आहे, त्यांच्या परिशिष्टात पक्षाघात आणि मधुमेह ही नावे आहेत. तरी चुंबकाच्या कड्यांचे आणि तळपायाखाली थरथरणाऱ्या यंत्रांचे मधुमेहावरचे, गुडघ्यांवरचे दावे आजही प्रदर्शनांच्या स्टॉलवर ऐकू येतात. थकलेल्या पायांना पाच मिनिटे बरे वाटते हे खरेच असते, आणि विक्री त्यावरच होते.

आता शार्कोची खुर्ची. 2012 मध्ये शिकागोच्या डॉक्टरांनी कंपवाताच्या 23 रुग्णांवर तिची नीट चाचणी केली. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले. एका गटाला महिनाभर रोज अर्धा तास कंपने देणारी खुर्ची, दुसऱ्या गटाला तशीच खुर्ची, पण कंपनांशिवाय, मन शांत करणारे आवाज ऐकवत. हालचालींचे मोजमाप दोन्ही गटांत सुधारले, सारखेच. कंपवातात सुधारणेच्या अपेक्षेने मेंदूत डोपामिन स्रवते हे आता प्रयोगांनी दिसले आहे, म्हणजे इथे आशा हीच रसायन होऊन काम करते. त्याच आजारावर विजेने मात्र खरी मजल मारली: 1987 मध्ये ग्रनोब्लच्या आलिम-लुई बनाबिद यांनी मेंदूच्या खोल भागात तार बसवून जलद स्पंदनांचा प्रवाह दिला आणि हातांचा कंप तिथल्या तिथे थांबला. यंत्र बंद केले की कंप परत येतो, त्यामुळे कारण आणि परिणाम यांची जोडी प्रत्येक रुग्णात पुन्हापुन्हा तपासता येते.

आणि कंपने संपलेली नाहीत. स्टॅनफर्डला पीटर टास यांच्या गटाने बोटांच्या टोकांना विशिष्ट क्रमाने थरथर देणारे हातमोजे बनवले आहेत. मेंदूतल्या पेशींची एकसाथ होणारी धडधड त्याने विस्कळीत होते, अशी त्यामागची मांडणी आहे. मोजक्या रुग्णांवरचे सुरुवातीचे अभ्यास आशादायक आहेत. त्या बातम्या इथल्या कंपवाताच्या रुग्णांपर्यंत आणि त्यांच्या घरच्यांपर्यंत व्हॉट्सॲपवरून पोचतात आणि हे मोजे कुठे मिळतील, अशी विचारणा लगेच सुरू होते. ती विचारणा स्वाभाविक आहे. मोजे घालणाऱ्या एका गटाला खऱ्या क्रमाची आणि दुसऱ्याला भलत्याच क्रमाची थरथर देऊन, पुरेशा रुग्णांवर, पुरेसा काळ तुलना झाली, की आपल्याला त्यांना उत्तर देता येईल.